उजवीकडून ओढलेली रेघ

४ फेब्रुवारी

बोरूबाई,

आशीर्वाद. एकच पाठवतोय, 'अनेक' पाठवले तर तू मोजत बसशील.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंची तंबी आहे की महिनाभर फोनकडे बघायचं नाही, कागद चालेल. तेव्हा तुझे ते अंगठे आणि हसरी तोंडं आता बंद. मामाशी बोलायचं असेल तर पत्र लिहायचं, पूर्वी लिहायचीस तसं. रेघांचा कागद नको, कोरा घे. शाईचं पेन घे. आणि सावरून लिहू नकोस. सुवाच्य अक्षर पाहुण्यांसाठी असतं, मी काही पाहुणा नाही.

माझं काय चाललंय विचारशील. तीस वर्षं कोर्टात उभं राहून 'ही सही याचीच' आणि 'ही याची नव्हे' एवढी दोनच वाक्यं बोललो, त्यावर तुझ्या मामीचा संसार झाला. आता कोर्ट कमी, कंपन्या जास्त. नोकरीला आलेल्यांचे हातचे अर्ज पाठवतात आणि विचारतात, यातला कोण टिकेल, कोण पळेल. तुमच्या लिफ्ट कंपनीने तुला आणि आपल्या दौतला घेतलं तेव्हा तुमचे अर्जही माझ्याकडेच आले होते, ठाऊक आहे ना? तुझ्याबद्दल लिहिलं होतं, 'चिकाटी आहे, जीभ तिखट.' पोराबद्दल लिहिलं, 'खोटं बोलता येत नाही.' मामा म्हणून नाही आणि बाप म्हणूनही नाही, अक्षर पाहून लिहिलं.

तुम्ही दोघं लहानपणी माझ्या टेबलाच्या दोन बाजूंना बसून कित्ता गिरवायचात. तू बोरूसारखी काडी आणि तो दौतीसारखा गोल, म्हणून ही नावं. परवा ते टेबल विकायला काढलं आणि परत आत नेऊन ठेवलं.

ऑफिसात काय काय चालतं ते सविस्तर लिही. म्हाताऱ्याला करमणूक हवी.

मामा


११ फेब्रुवारी

मामा,

पाकिटावर माझं नाव होतं, तरी पत्र आईने आधी वाचलं. 'माझ्या भावाचं अक्षर बघ, मोत्यासारखं' हे पाच वेळा म्हणून झालं. मग माझ्या हाती आलं.

डोळा सांभाळ. या पानावर खाली जो डाग आहे तो चहाचा आहे, अश्रूंचा नाही. उगाच भिंग लावून अर्थ काढू नकोस.

करमणूक हवी होती ना? ऐक. गेल्या महिन्यात आमच्या देखभालीतली एका वृद्धाश्रमाची लिफ्ट अर्ध्या मजल्याने घसरली. एका आजींचं खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर आठवड्याने आश्रमाच्या विश्वस्तांना एक निनावी पत्र गेलं, हाताने लिहिलेलं. त्यात म्हटलं होतं की आमची कंपनी लिफ्टजवळ न जाताच तपासणीचे तक्ते भरते. आश्रमाने कंत्राट मोडलं. तेव्हापासून मोठे साहेब चावऱ्या कुत्र्यासारखे फिरताहेत. फितूर कोण ते हवंय त्यांना.

सोमवारी सगळ्यांना जेवणाच्या हॉलमध्ये बसवलं. एकसारखे कागद, एकसारखी पेनं, आणि साहेबांनी दहा ओळींचा मजकूर सांगितला. चाळिशी ओलांडलेली माणसं जिभेचं टोक बाहेर काढून शुद्धलेखन लिहीत होती. मला हसू आवरेना. तुझा धंदा बसवतील हे लोक!

दौत एकटाच सुटला. आदल्या दिवशी त्याचं बोट लिफ्टच्या दारात सापडलं. उजव्या हाताची तर्जनी, एवढी जाड पट्टी. हल्ली तो गप्पगप्पच असतो, त्यात हे. भेटला की कान लाल करून दुसरीकडे बघतो. बिचारा.

मामा, खरं सांग, असं दहा ओळींवरून माणूस सापडतो का रे?

बोरू


१८ फेब्रुवारी

बोरू,

पत्र दोनदा वाचलं, एकदा मजकुरासाठी आणि एकदा अक्षरासाठी. ग चा कोंबडा अजून तसाच काढतेस. बरं वाटलं.

तू विचारलंस म्हणून सांगतो. हॉलमध्ये बसवून लिहून घेतलेलं फारसं कामाचं नसतं. फोटो काढताना माणूस पोट आत ओढतो, तसं तिथे अक्षर सावरून बसतं. खरा नमुना घरगुती असतो. आईला लिहिलेली चिठ्ठी, मित्राला लिहिलेलं पत्र, आपण नमुना देतोय हे ज्याच्या मनातही नाही त्याने लिहिलेलं. माणूस अक्षराचं तोंड बदलतो, चाल बदलू शकत नाही. आम्ही चाल बघतो.

ते असू दे. या लिफ्टच्या गोष्टीत मला गोडी वाटू लागली. तपासणी म्हणजे नेमकं काय करतात? दोर, ब्रेक, दरवाजे, तक्त्यावर सह्या, हे सगळं नीट क्रमाने लिही. आणि त्या निनावी पत्राबद्दल तुला स्वतःला काय वाटतं तेही लिही. इथे माझ्याशी बोलायला भिंती आहेत, दुसरं कोण आहे?

डोळा सुधारतोय. पेन तेच ठेव.

मामा


२५ फेब्रुवारी

मामा,

घे तुझी लिफ्ट.

महिन्यातून एकदा माणूस जातो. दोराचे किती धागे तुटले ते मोजतो, ब्रेक लावून बघतो, प्रत्येक मजल्यावर दरवाजा अडवून तो परत उघडतो का ते पाहतो. खाली सही, तारीख, वेळ. तो तक्ता माझ्याकडे येतो, मी नोंद करून फाईलला लावते. एवढंच माझं काम.

आणि आता तुला सांगते ते कुणाला सांगितलेलं नाही, आईलाही नाही. मी जुने तक्ते काढून पाहिले. एकाच माणसाची सही, एकाच सकाळी, शहराच्या दोन टोकांच्या सहा इमारतींत. कुणी पंख लावून गेला तरी जमणार नाही. तक्ते ऑफिसात बसून भरतात, मामा. पत्रातलं अक्षर न अक्षर खरं आहे. ज्याने लिहिलं त्याने बरं केलं. मला इतके दिवस हे दिसत का नव्हतं, याची लाज वाटते.

कुणाच्या सह्या आहेत ते लिहीत नाही. तू ओळखशील, आणि तुझ्या डोळ्याला ताण नको.

तुझ्याशी बोललं की पोटातला दगड हलका होतो.

बोरू


१६ मार्च

मामा,

तीन आठवडे तुझं पत्र नाही. डोळा बरा आहे ना?

मला कामावरून थांबवलंय. चौकशी होणार आहे. ते निनावी पत्र मी लिहिलं असं म्हणतात. बाहेरच्या कुणा तज्ज्ञाचा अहवाल आलाय, त्यात माझं अक्षर शंभर टक्के जुळतं म्हणे. अहवाल अजून दाखवलेला नाही, सुनावणीत दाखवणार. नोकरी तर जाईलच, वर बदनामीचा दावा लावणार आहेत. आमच्या धंद्यात चारच कंपन्या. एकीने फितूर म्हटलं की उरलेल्या तिघींची दारं बंद.

मामा, मी नाही लिहिलेलं ते. लिहिलं असतं तर तुला आधी सांगितलं असतं. उलट मी लिहिलं असतं तर मला अभिमान वाटला असता, पण नाही लिहिलं.

आईला मी फक्त 'सुट्टी घेतलीय' एवढंच सांगितलं होतं. तिला काल कळलं. रडली नाही. म्हणाली, 'मामाला कळव. या विषयात त्याच्यापुढे कोण उभं राहतंय? तो बघून घेईल.' आणि निवांत झोपली.

तू ये. किंवा त्या अहवालाला उत्तर लिहून दे. सुनावणी सात एप्रिलला आहे.

बोरू


२३ मार्च

चि. बोरू,

पत्र मिळालं. वाईट वाटलं.

मी आलो तरी उपयोग नाही. नात्यातल्या माणसाचं मत कुणी धरत नाही. तज्ज्ञाशी वाद घालू नकोस, त्यात वेळ जातो आणि माणूस जास्त अडकतो. माझा सल्ला विचारशील तर स्वतःहून राजीनामा दे. 'भावनेच्या भरात लिहिलं, माफी असावी' असं दोन ओळीत लिहून दिलंस तर साहेब दावा लावणार नाहीत. तशी माणसं मी पाहिलीत. तू हुशार आहेस, दुसरी नोकरी मिळेल.

आणि एक. चौकशीत दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवू नकोस. घरातल्या माणसांकडे तर मुळीच नको. आपल्या घराण्याला ते शोभणार नाही.

आईला जप.

मामा


९ एप्रिल

मामा,

सुनावणी झाली. चौकशी अधिकाऱ्यांनी फाईल उघडली आणि माझ्यापुढे सरकवली.

अहवालाखाली तुमची सही होती.

मी ती तीनदा वाचली. मला वाटलं कुणी तुमची खोटी सही केली. खरंच असं वाटलं, हसा. मग मागची पानं उलटली. 'तुलनेसाठी वापरलेले मान्य नमुने' असं शीर्षक, आणि खाली माझी दोन पत्रं. अकरा फेब्रुवारीच्या पत्रावरचा चहाचा डागसुद्धा झेरॉक्समध्ये आला होता. पंचवीसचं पत्र त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. 'ज्याने लिहिलं त्याने बरं केलं' या वाक्याखाली लाल रेघ होती. ती तुम्ही मारली की साहेबांनी?

ऑपरेशन झालं होतं की तेही नाही?

अहवालाच्या सुरुवातीला तुम्ही लिहिलंय, 'संशयित ही माझी सख्खी भाची आहे. तरीही व्यवसायाशी इमान राखून मी हे मत देत आहे.' अधिकारी म्हणाले, 'बाई, सख्खा मामा असं लिहून देतो तेव्हा आम्ही आणखी काय शोधायचं?' मी अहवालाची प्रत मागून घेतली.

घरी आल्यावर तो अहवाल ओळीने वाचला. मुद्दा चौथा. 'लेखिका शब्द पूर्ण झाल्यावर वरची रेघ उजवीकडून डावीकडे ओढते. त्यामुळे शाई रेघेच्या डाव्या टोकाला साचते. ही सवय लाखात एखाद्याची असते.' लाखात एखाद्याची नाही, मामा. आपल्या घरात तिघांची आहे. तुम्ही जन्माचे डावखुरे. शाळेत मारून मुटकून उजव्या हाताने लिहायला लावलं, पण रेघ तशीच उलटी राहिली. ती तुम्ही आम्हाला शिकवलीत, आणि बाकीची मुलं उलट बाजूने ओढतात हे आम्हाला पाचवीत कळलं. 'आम्हाला' म्हणजे मला आणि दौतला.

मग तुमची पत्रं पुन्हा काढली. मी लिहिलं होतं की दौतचं बोट दारात सापडलं. मुलाचं बोट सापडल्याचं कळल्यावर बाप काय विचारतो? किती लागलं, हाड मोडलं का, टाके पडले का. तुम्ही एका शब्दानेही विचारलं नाही. लिफ्टचे दोर विचारलेत. आणि मी कुणाचं नावही घेतलं नसताना 'घरातल्या माणसांकडे बोट दाखवू नकोस' हे कुठून आलं?

ते पत्र दौतने लिहिलं. आणि ते तुम्हाला माहीत होतं.

मी चुकतेय असं एकदा सांगा. मी तुमच्यावर विश्वास ठेवीन, इतकी मी अजून मूर्ख आहे.

बोरू


१५ एप्रिल

बोरू,

'तुम्ही' म्हणालीस. जन्मात पहिल्यांदा.

तू चुकत नाहीस. ते पत्र साहेबांनी माझ्यापुढे ठेवलं तेव्हा पहिल्या ओळीतच मला पोराचा हात दिसला. त्याने अक्षर मोडून लिहिलं होतं, वळणं बदलली होती, पण रेघ कशी बदलणार? मी फोन करून विचारलं. त्याने लगेच कबूल केलं. त्याच दिवशी दुसरंही कबूल केलं. आश्रमाच्या तक्त्यावर सही त्याचीच आहे. साहेबांनी सांगितलं म्हणून न जाता भरला. आजी पडल्यावर त्याला झोप लागेना, म्हणून पत्र लिहिलं.

आता तू सांग मी काय करायचं होतं. 'सांगता येत नाही' असं लिहिलं असतं तर त्यांनी दुसरा तज्ज्ञ आणला असता. त्याला दौतपर्यंत पोहोचायला दोन दिवस लागले नसते. पत्र त्याचं ठरलं असतं तर साहेबांनी सूड म्हणून तो तक्ता पुढे केला असता, आणि पोरगं तुरुंगात गेलं असतं. त्यांना एक नाव हवं होतं. ती रेघ असलेला दुसरा हात एकच होता.

सगळ्यांकडून मजकूर लिहून घ्या, हा सल्ला मीच दिला. त्या दिवशी बोट दुखावल्याचं सांग, असं त्याला आदल्या दिवशी मीच कळवलं. बोटाला काही झालेलं नव्हतं, म्हणून विचारलं नाही. त्याचा नोकरीचा जुना अर्जही मी कंपनीकडून तपासणीसाठी मागवला आणि जाळला. तक्त्यांवरच्या सह्या आणि आकडे सोडले तर त्याच्या हातचं काहीच उरलं नाही.

तू निर्दोष आहेस, म्हणून तुला फार काही होणार नव्हतं. तो निर्दोष नाही. एवढा हिशेब मी केला. तू माझ्या पोटची नाहीस हे मला आयुष्यात कधी जाणवलं नव्हतं. त्या दिवशी जाणवलं, आणि मी ते वापरलं.

मला क्षमा मागायचा हक्क नाही. एवढंच मागणं आहे, हे पत्र वाचून जाळ. तुझ्या आईला कळू देऊ नकोस.

मामा


२६ एप्रिल

मामा,

पत्र जाळलं नाही.

ते मिळालं त्या दिवशी मी दौतच्या खोलीवर गेले. त्याला चार थोबाडीत मारायच्या म्हणून गेले होते. दार उघडून तो तसाच उभा राहिला. म्हणाला, 'ये. मी रोज वाट बघतोय तू कधी येशील.' मी विचारलं, 'मग तू का नाही आलास? तुला पाय नाहीत?' म्हणाला, 'बाबा म्हणाले तुला काही होणार नाही. मला तेच खरं वाटायला हवं होतं, म्हणून मी मानलं.' दोन महिने गप्प बसला तो, मामा. माझ्यासमोर डबा उघडून जेवायचा. ते मी विसरणार नाही.

पण दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून चौकशी अधिकाऱ्यांपुढे उभा राहिला. तक्त्यावरची सही माझी, पत्रही माझं, म्हणाला. अधिकाऱ्यांनी कागद दिला आणि लिहायला सांगितलं. त्यांनी या वेळी दुसरा तज्ज्ञ बोलावला होता, तरुण मुलगी. तिने दौतचं लिखाण भिंगाखाली धरलं, पत्राशी ताडून पाहिलं आणि मान हलवली. जुळत नाही. कशाशीच जुळत नाही. जुना अर्ज मागितला तर फाईलमध्ये नाही. साहेब हसले. 'मामेभाऊ बहिणीसाठी आळ अंगावर घेतोय,' म्हणाले.

म्हणून मी तुमचं पंधरा तारखेचं पत्र टेबलावर ठेवलं. बाकीची तीनही ठेवली. तुम्हीच म्हणाला होतात ना, खरा नमुना घरगुती असतो, आपण नमुना देतोय हे ज्याच्या मनातही नाही त्याने लिहिलेला.

त्यावर साहेबांचा वकील म्हणाला, 'बाईंना अक्षर मामांनीच शिकवलं, असं या पत्रांतच आहे. हे पत्र बाईंनीच लिहिलं नाही कशावरून?' म्हणजे आता माझं निर्दोष असणं एकाच गोष्टीवर आहे. बारा मे रोजी तुम्हाला बोलावणं येईल. तुमचं पत्र तुमच्यासमोर धरतील आणि विचारतील, हे अक्षर कुणाचं. तीस वर्षं तुम्ही दुसऱ्यांच्या अक्षरांबद्दल या प्रश्नाचं उत्तर दिलंत. या वेळी स्वतःच्या अक्षराबद्दल द्यायचंय. तुम्ही काय सांगाल ते मला माहीत नाही. चार महिन्यांपूर्वी विचारलं असतं तर मी डोळे मिटून सांगितलं असतं.

आईने सगळी पत्रं वाचली. या वेळी मी तिला आधी दिली. वाचून तिने ती घडी घातली आणि म्हणाली, 'भावाचं अक्षर मोत्यासारखं आहे.' मग आत जाऊन दार लावून घेतलं.

हे पत्र लिहिताना मी रेघ डावीकडून ओढायचा प्रयत्न करतेय. चार शब्द जमतात, पाचव्याला हात आपोआप तुमच्या बाजूने जातो. फार राग येतो.

आणि दौतचं अक्षर का जुळलं नाही, ते तुम्हाला कळायला हवं. तुम्ही त्याला सांगितलंत, बोट दुखावल्याचं सांग. त्याला खोटं बोलता येत नाही, हे तुम्हीच त्याच्या अर्जावर लिहिलं होतं. खोटी पट्टी बांधून लोकांसमोर जाणं त्याला निभेना. म्हणून त्या रात्री त्याने बोट लिफ्टच्या दारात धरलं आणि दार बंद होऊ दिलं. हाड दोन ठिकाणी मोडलं. वाकडं जुळलंय. पेन मुठीत धरून लिहितो आता, लहान मुलासारखा.

बारा तारखेला आलात तर त्याचा हात बघा.

बोरू